रेंजबाहेरची नोंद

मोबाइल अ‍ॅप कोण वापरतो, किती वेळ वापरतो, कुठे अडतो आणि कुठे कंटाळून सोडून देतो, याचा हिशेब ठेवण्याचे शास्त्र आता चांगलेच रुळले आहे. अ‍ॅप बनवणारी कोणतीही संस्था या आकड्यांशिवाय पाऊल टाकत नाही. पण हे शास्त्र वाढले ते अखंड इंटरनेट असलेल्या शहरांत. वापरणाऱ्याने बटण दाबले की त्याच क्षणी सर्व्हरवर नोंद होणार, हे त्यात गृहीतच धरलेले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, बीबीसारख्या गावात बसून पाहिले की हे गृहीत कोलमडते. रस्त्याला लागून असलेल्या वस्तीत रेंज असते. शिवारात शिरावे, नाल्याच्या उतारावर यावे, तसतशी ती जाते-येते. ज्या अ‍ॅपचे कामच शिवारात आहे, त्याचा वापर मोजायचा तर रेंज नसतानाचा वापर मोजता आला पाहिजे. या पुस्तकाचा विषय तो आहे.

रेंज नसलेल्या माणसाचा वापर नोंदला गेला नाही, तर तो माणूस हिशेबातून गळतो आणि अ‍ॅपमधली पुढची प्रत्येक सुधारणा उरलेल्यांच्या सोयीने होते. त्यामुळे ऑफलाइन वापराची मोजणी हा तांत्रिक कौशल्याइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे, असे मी मानतो. पुढची सगळी प्रकरणे या एका समजुतीवर उभी आहेत.

रेंजचा प्रश्न लवकरच मिटेल, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. जुलै 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या 24,680 गावांत 4जी सेवा पोचवण्याच्या योजनेला मंजुरी दिली. खर्च 26,316 कोटी रुपये धरला होता. हे काम मोठे आहे आणि ते व्हायलाच हवे. पण अशा योजनेत मोजणीचे एकक गाव असते. शेतकऱ्याचे काम गावठाणात नसते, त्याच्या गटात असते. गावाच्या नावापुढे ‘सेवा उपलब्ध’ असे लिहिले गेले, तरी दोन-तीन किलोमीटरवरच्या शेतात फोनची रेषा एकवर येते किंवा पार जाते. त्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, रिचार्ज संपला, अशी कारणे आहेतच. रेंज येणे-जाणे ही गावाकडच्या फोनची कायमची अवस्था आहे, असे धरूनच अ‍ॅप बांधले पाहिजे.

महाराष्ट्रात याचे सगळ्यात ठळक उदाहरण ई-पीक पाहणीचे आहे. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करत. सातबाऱ्यातला गाव नमुना 12 त्यासाठीच असतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या हातात आले. आपल्या गटात उभे राहून खातेदार, गट नंबर, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन ही माहिती अ‍ॅपमध्ये भरायची आणि पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात. 1 ऑगस्ट 2022 पासून आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत गटाचा मध्यबिंदू दिला गेला, म्हणजे फोटो काढणारा आपल्या शेतापासून किती लांब आहे ते कळू लागले. शेतकऱ्याची नोंद स्वयंघोषित म्हणून ग्राह्य धरायची, त्यातल्या 10 टक्के नोंदी तलाठ्यांनी तपासायच्या आणि शेतकऱ्याला 48 तासांच्या आत दुरुस्ती करता यावी, अशी घडी त्या वेळी बसवली गेली. रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवून ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची, ही सोय या अ‍ॅपच्या मुळातच आहे. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने खरेदी, एवढ्या गोष्टींना ही नोंद लागते.

अशा अ‍ॅपचा वापर मोजायचा ठरवला तर काय होते, ते जवळून पाहू. बीबीच्या शिवारात सोयाबीनच्या बांधावर एक शेतकरी उभा आहे असे धरा. त्याने अ‍ॅप उघडले, गट निवडला, क्षेत्र भरले आणि फोटोसाठी कॅमेरा सुरू केला. आता फोनला जागा शोधायची आहे. उपग्रहांचा संकेत मिळायला इंटरनेट लागत नाही, पण कोणता उपग्रह कुठे आहे याची ताजी माहिती फोन एरवी नेटवरून घेतो. नेट नसेल तेव्हा तीच माहिती त्याला थेट उपग्रहाकडून, सावकाश घ्यावी लागते. शहरात काही सेकंदांत होणारे काम इथे मिनिटांवर जाते, आणि आभाळ झाकून टाकणाऱ्या झाडाखाली तर आणखी लांबते. पडद्यावर चक्र फिरत राहते. आपलेच काही चुकले असे समजून शेतकरी मागे जातो, पुन्हा पहिल्यापासून भरतो, पुन्हा थांबतो आणि शेवटी फोन खिशात टाकून खुरपणीला लागतो. दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळे असताना काम होते. संध्याकाळी गावात आल्यावर अपलोडही होते.

सर्व्हरच्या हिशेबात यातले काय पोचले? एक नोंद भरली गेली आणि अपलोड झाली, एवढेच. आदल्या दिवशीचे दोन फसलेले प्रयत्न, ती वाट पाहणे, तो वैताग, यांतले काहीच नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याला यशाचा दर उत्तम दिसतो. जागा शोधण्याच्या पायरीवर लोक अडतात, तिथे ‘थोडा वेळ लागेल, झाडाखालून बाजूला व्हा’ एवढे एक वाक्य टाकले तरी पुष्कळांचा दिवस वाचेल, हे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. दुसऱ्या दिवशी जो शेतकरी पुन्हा प्रयत्न करत नाही, तो तर आकड्यांत कुठेच नसतो.

या गळतीचा खरा दोष असा की ती सगळीकडे सारखी नसते. सरसकट दहातली एक नोंद गळाली असती तर आकडे कमी दिसले असते, पण चित्र तेच राहिले असते. इथे गळतो तो लांबच्या शेतातला, स्वस्त फोनवाला, रिचार्ज संपलेला, घरातला एकच फोन चौघांत वापरणारा. जी बाई नवऱ्याचा फोन संध्याकाळी अर्धा तास मिळाल्यावरच काम करू शकते, तिच्या नोंदी सगळ्यात उशिरा पोचतात आणि उशिरा आलेले टाकून देणाऱ्या व्यवस्थेत सगळ्यात आधी गळतात. सुधारणेची ज्याला सर्वाधिक गरज, त्याचाच आवाज सगळ्यात क्षीण, अशी ही रचना होऊन बसते.

शेतीबाहेरही हेच आहे. केंद्राचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांच्या हाती आले. बालकांची वजने-उंची, आहारवाटप, गरोदर मातांच्या नोंदी, सगळे त्यात. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजीतले अ‍ॅप यांविरुद्ध आवाज उठवून सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी फोटोसह घेणारे एनएमएमएस अ‍ॅप मे 2021 मध्ये आले आणि 1 जानेवारी 2023 पासून ते सर्व सार्वजनिक कामांना लागू झाले. सकाळची हजेरी आणि पहिला फोटो ऑफलाइन घेऊन नंतर चढवण्याची सोय त्यात करावी लागली. सेविका असो, मजुरांची हजेरी घेणारा मेट असो की शेतकरी, या सगळ्यांचे काम आधी घडते आणि नोंद मागाहून पोचते. मधल्या अंतरात काय होते ते समजून घेतल्याशिवाय त्यांच्या अ‍ॅपविषयी बोलणे अपुरे आहे.

हे अंतर कसे भरून काढायचे, याची तंत्रे अवघड नाहीत. मात्र ती एकमेकांत गुंतलेली आहेत. मूळ कल्पना सोपी: अ‍ॅपमधली प्रत्येक महत्त्वाची कृती घडल्या क्षणी फोनमधल्याच एका छोट्या कोष्टकात लिहून ठेवायची, आणि रेंज आली की साठलेल्या नोंदी गठ्ठ्याने पाठवायच्या. अडचणी इथून पुढे सुरू होतात.

पहिली अडचण वेळेची. पूर्वी पत्रावर दोन शिक्के असत, टाकल्याच्या गावचा आणि पोचल्याच्या गावचा, आणि पत्र वाटेत किती दिवस होते ते त्यावरून कळे. ऑफलाइन नोंदीलाही अशाच दोन वेळा हव्यात: कृती घडल्याची आणि सर्व्हरला मिळाल्याची. अनेक व्यवस्था फक्त दुसरी ठेवतात. मग शेतात सकाळी झालेले काम रात्री झाल्यासारखे दिसते, आणि शेतकरी रात्री आठ वाजता अ‍ॅप वापरतात असा धादांत चुकीचा निष्कर्ष निघतो. पहिली वेळ ठेवली तरी ती फोनच्या घड्याळाची असते, आणि ते घड्याळ बरोबर असेलच असे नाही. बॅटरी पूर्ण उतरून पुन्हा सुरू झालेला जुना फोन कधी कधी 1 जानेवारी 1970 ही तारीख दाखवतो, कारण बहुतेक संगणकांची काळगणना तिथून सुरू होते.

यावरचा उपाय उदाहरणाने सांगतो. नोंदीवर फोनने सकाळी 9:10 ही वेळ लिहिली. गठ्ठा पाठवताना फोनच्या घड्याळात संध्याकाळचे 6:40 झाले होते, आणि तो मिळाला तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात रात्रीचे 8:00 वाजले होते. म्हणजे फोन 1 तास 20 मिनिटे मागे आहे, आणि कृती खरी घडली 10:30 वाजता. मधल्या वेळात कोणी घड्याळ हाताने बदलले असेल तर हे गणित चुकते. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर, फोन सुरू केल्यापासून किती वेळ झाला, हा दुसरा आकडाही लिहावा. तो आकडा तारीख बदलल्याने बदलत नाही. नोंदीची मुदत संपत आलेली असते तेव्हा ही काटेकोर वेळ फार मोलाची ठरते, कारण काम मुदतीत झाले आणि अपलोड मुदतीनंतर झाले, असा शेतकरी मग आकड्यांत वेगळा दिसू शकतो.

दुसरी अडचण दुबार नोंदींची. रेंज कमजोर असली की गठ्ठा सर्व्हरपर्यंत पोचतो, पण मिळाल्याची पोच फोनपर्यंत परत येत नाही. फोनला वाटते पाठवणे फसले. तो पुन्हा पाठवतो. दोन-तीनदा असे झाले की एकाच माणसाचे काम तिप्पट दिसते. म्हणजे कमजोर रेंज नोंदी गाळते आणि वाढवतेही. उपाय असा की प्रत्येक नोंदीला ती जन्मतानाच एक वेगळी ओळखखूण द्यायची. तीच खूण दुसऱ्यांदा आली की सर्व्हरने ती सोडून द्यायची, आणि पोच हातात आल्याशिवाय फोनने आपली नोंद पुसायची नाही. याच्या जोडीला अनुक्रमांकही द्यावा. एका फोनकडून 41, 42 आणि मग थेट 47 आली, तर मधल्या चार वाटेत हरवल्या हे कळते. हरवलेले परत मिळत नाही, पण किती हरवले हे प्रामाणिकपणे सांगता येते.

तिसरी अडचण उशिराची. गूगल अ‍ॅनालिटिक्सची जुनी पद्धत चार तासांहून जुन्या नोंदींची हमी देत नसे. ती 1 जुलै 2023 पासून बंद होत गेली; नव्या पद्धतीत ही सवलत 72 तासांपर्यंत आहे. शहरासाठी तीन दिवस पुष्कळ झाले. सोंगणीच्या दिवसांत आठवडाभर नेट न लावणाऱ्या माणसासाठी ते पुरत नाहीत. तयार साधन घ्यायला हरकत नाही, पण त्याची ही मर्यादा आधी माहीत हवी आणि ती अपुरी असेल तिथे आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर नोंदी घेण्याची तयारी हवी.

चौथी अडचण पाठवण्याच्या क्रमाची, आणि इथे मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. शेतकरी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर येतो, फोनला पाच-दहा मिनिटे रेंज मिळते. त्या वेळात आधी काय जावे? त्याची पीकनोंद आणि तिचा फोटो. आपला वापराचा हिशेब त्यानंतर, उरलेल्या वेळात, दाबून लहान केलेल्या गठ्ठ्यात. रिचार्जचे पैसे त्याचे, बॅटरी त्याची, फोनमधली जागाही त्याची. जागा कमी पडू लागली तर प्रत्येक पडदा किती वेळा उघडला यासारख्या नोंदी दिवसाच्या एका बेरजेत गुंडाळाव्यात. अडलेल्या आणि अर्धवट सुटलेल्या कामांच्या नोंदी मात्र शेवटपर्यंत जपाव्यात, कारण शिकण्यासारखे सगळे त्यांतच असते.

पाचवी अडचण माणूस कोण, ही. मोजणीची रूढ साधने एक फोन म्हणजे एक माणूस असे धरतात. ई-पीक पाहणीत एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते, आणि गावात असे होतेच: एखादा कॉलेजात जाणारा मुलगा भावकीतल्या आणि शेजारपाजारच्यांच्या नोंदी करून देतो. आकड्यांत तो एकच ‘अतिशय सक्रिय वापरकर्ता’ दिसतो आणि त्याच्यामागची दहा कुटुंबे दिसत नाहीत. अ‍ॅप न येणाऱ्यांना मदत करणारी ही साखळी ओळखता आली, तर प्रशिक्षण कोणाला द्यायचे याचे उत्तर आपोआप मिळते.

या सगळ्यातून हाती येणारे आकडे मांडायचे कसे, यावर पुस्तकात एक वेगळे प्रकरण आहे. माझा आग्रह दोन गोष्टींचा. आजचा आकडा कच्चा म्हणूनच दाखवावा. नोंदी साधारण किती दिवस येत राहतात ते आधी पाहून, तेवढे दिवस उलटल्यावरच त्याला पक्का म्हणावे. आणि ‘शून्य’ व ‘माहिती आलेली नाही’ यांची कधीही गल्लत करू नये. आढाव्याच्या तक्त्यात एखाद्या अंगणवाडीपुढे शून्य उमटले की त्याचा अर्थ सेविकेने काम केले नाही असा घेतला जातो. तिने वजने घेतलेली असतात. ती तिच्या फोनमध्ये अडकलेली असतात. कोरी जागा कोरीच दाखवली तर वरचा अधिकारी रेंजविषयी विचारील. शून्य दाखवले तर तो सेविकेला जाब विचारील. तक्ता बनवणाऱ्याच्या एका निवडीने कोणाच्या तरी कष्टावर पाणी पडते, हे त्याने लक्षात ठेवले पाहिजे.

आता या विषयाची दुसरी बाजू. नेट बंद आहे म्हणजे आपल्याला कोणी पाहत नाही, असे बहुतेकांना वाटते. या पुस्तकातले प्रत्येक तंत्र तो समज खोटा ठरवते: फोन लिहीत राहतो आणि नंतर सांगतो. म्हणून ऑफलाइन मोजणी करणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली असावी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, आणि सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची मुभा असावी, असे म्हटले आहे. ऑफलाइन अ‍ॅपच्या बाबतीत याचा सरळ अर्थ असा: संमती मागे घेतली की फोनमध्ये साठलेल्या, अजून न पाठवलेल्या नोंदी तिथल्या तिथे पुसल्या गेल्या पाहिजेत, रेंजची वाट न पाहता. आणि कुठे अडले हे कळण्यासाठी गट नंबर, नाव किंवा दर मिनिटाची जागा लागत नाही; जे लागत नाही ते लिहूच नये. गळलेल्याला हिशेबात आणण्याच्या नावाखाली त्याच्यावर पाळत ठेवली गेली, तर न्यायाची भाषा करण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी फोनमधली साठवण, मग वेळ आणि ओळखखूण, मग पाठवणे व पोच, त्यानंतर गळतीचा अंदाज, आकड्यांची मांडणी आणि शेवटी संमती. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस स्वतः करून पाहण्याचे प्रयोग दिले आहेत: फोन विमान मोडवर टाका, तारीख मागे न्या, अर्ध्या अपलोडात नेट तोडा आणि आपल्या अ‍ॅपचे आकडे काय सांगतात ते बघा. हे प्रयोग कार्यालयातल्या वायफायवर करून थांबू नका. खरिपात एखाद्या शिवारात जा, ज्याच्यासाठी अ‍ॅप आहे त्याच्या शेजारी उभे राहा, त्याच्याच फोनवर ते चालताना पाहा, आणि मग परत येऊन तो दिवस तुमच्या तक्त्यात कसा उमटला ते ताडून बघा.

हे पुस्तक मराठीत लिहिले ते बुलढाणा, अकोला, वाशीमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी. रेंज जाते म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ते त्यांचे रोजचे जगणे आहे. ते जगणे माहीत असलेल्या हातांनी अ‍ॅप बांधली, तर बांधावर थांबलेल्या माणसाची अडचण नोंदली जाईल, आणि पुढच्या हंगामाआधी ती दूर झाली का, हे त्याला विचारताही येईल.

बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा